बोकडाचे कान, पंचावन्न टक्के

चंपामावशीच्या गाळ्यासमोर मी पाठ करून उभी होते. हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, आणि नजर समोरच्या सायकलच्या दुकानावर.

"किती देऊ आज?" मागून मावशी.

"सहा."

"जोडीनं का सुट्टं?"

"कसेही द्या, मावशी. फक्त ताजे द्या."

"ताजं म्हंजे? आत्ता अर्ध्या तासामागं ह्याच कानांनी तुझा आवाज ऐकला असंल त्यानं."

गिऱ्हाईकं हसली. मी दुकानात टांगलेल्या सायकलच्या ट्यूब मोजत राहिले. मागे हात करून डबा दिला, मागे हात करूनच परत घेतला, आणि झाकण लावलेलं आहे याची बोटांनी खात्री झाल्यावरच वळले.

हसा, हसा. पण मी गिरिजा तोडकरी, घरी चुकून अंड्याचा केक आला तरी आई ती प्लेट फेकून द्यायची, आणि मी बार्शीत रोज सकाळी सात वाजता मटणाच्या लाईनीत उभी. आईला फोनवर सांगितलं होतं, लॅबचं सामान आणायला जाते. खोटं नव्हतं ते. माझ्या लॅबचं सामान बोकडाच्या डोक्याला लागलेलं असायचं, एवढंच सांगितलं नव्हतं.

तर सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. विषय असा, की गुडघेदुखीची गोळी खाल्ली की पोट बिघडतं, म्हणून तेच औषध जेलमध्ये घालून वरून लावायचं. आता ते कातडीतून आत जातं की नाही, हे बघायचं कसं? माणसाचं कातडं कोण देणार? म्हणून बोकडाच्या कानाचं. ते बऱ्यापैकी आपल्यासारखं असतं म्हणे. काचेची एक दोन मजली बाटली असते. खालच्या मजल्यावर मिठाचं पाणी, अंगाइतकं कोमट. वरच्या मजल्यावर जेल. मधे स्लॅब म्हणून कानाचं कातडं ताणून बसवायचं. मग दर तासाला खालचं पाणी सिरिंजनं थोडं काढायचं आणि मशीनवर बघायचं, औषध किती उतरलं. असे आठ तास. मधे जेवायला गेलात की मेलात.

माझे गाईड नाईकनवरे सर. सरांच्या टेबलामागे भिंतीवर देवाचा फोटो नव्हता, एक लॅमिनेट केलेला रिसर्च पेपर होता. डॉ. देवस्थळींचा, वीस वर्षांपूर्वीचा. हेच औषध, साधं जेल, बोकडाचा कान, आठ तासांत पंचावन्न टक्के औषध आरपार. सर त्या पेपरकडे बोट करूनच बोलायचे.

"गिरिजा, तुला काय करायचंय? यांच्या जेलमध्ये ओव्याचं तेल घालायचंय आणि पंचावन्नचे साठ करायचेत. बस. पाया त्यांनी घातलाय, तू फक्त पत्रा टाक."

पण पाया येईना ना. आधी साध्या जेलवर पंचावन्न तरी यायला पाहिजेत. जूनमध्ये केलं, चार टक्के. जुलैत चार. ऑगस्टमध्ये साडेचार आले तर मी हॉस्टेलवर सगळ्यांना वडापाव दिला. ओव्याचं तेल घातलं तरी पाचच्या वर काटा हलायला तयार नाही.

"हात सुधार," सर म्हणायचे. "देवस्थळी सरांना कसे आले?"

मी हात सुधारला. कानाचे केस बारीक कात्रीनं एकेक कापायचे, वस्तरा लावायचा नाही, वरचा थर दुखावता कामा नये. कातडं खालच्या कूर्चेपासून हलकेच सोडवायचं. एका कानाला पाऊण तास. मान अशी आखडायची की मलाच ते जेल लावावंसं वाटायचं. तरी चार.

आणि इकडे घड्याळ चालू. डिसेंबरात नाशिकच्या एका कंपनीनं मला घेतलं होतं. एक जूनला जॉईन व्हायचं, हातात डिग्री पाहिजे, नाहीतर पुढचा नंबर तयार. बाबांनी आमच्या गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. इस्त्रीवाल्यालासुद्धा. आणि माझ्या थिसिसमध्ये आकडा कुठला? चार.

त्या डिसेंबरातच एकदा गाळ्यासमोर मला रडू आलं. पाठ करूनच रडत होते, पण मावशीला कळलं.

"का गं गिरजे? कुनी काय बोललं का?"

"नाही मावशी. औषध आत जातच नाही."

"कुठं आत?"

"कातडीतून. या कानांच्या."

"वरनं लावतीस?"

"हो."

"किती येळ ठिवतीस?"

"आठ तास."

"आठ तास ठिवून बी जात न्हाई?" मावशीला त्याचं खरंच नवल वाटलेलं दिसलं. मग नुसतं "हं" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या खुरांकडे वळली.

आता बघा हं. जानेवारीत एके दिवशी मी लॅबमध्ये डबा उघडला तर कान गुळगुळीत. एक केस नाही. पांढरेशुभ्र, नुकत्याच धुतलेल्या रुमालासारखे. दुसऱ्या दिवशी मी मावशीला, अर्थात पाठ करून, विचारलं.

"मावशी, केस तुम्ही काढलेत?"

"मंग काय. तुझा ताप वाचावा म्हनून."

"खूप उपकार झाले, मावशी."

"उपकार कसलं. काम झालं म्हंजे पेढं आन."

त्या दिवशी मी कान बसवले तेही दहा मिनिटांत. कातडं कूर्चेपासून असं सुटलं, जसं उकडलेल्या बटाट्याचं साल. संध्याकाळी सहाला शेवटचं सँपल मशीनवर लावलं आणि आकडा आला चोपन्न.

मी मशीन बंद करून परत चालू केलं. चोपन्न.

नाईकनवरे सर धावत आले. धावत म्हणजे खरोखर, एका चपलेत. त्यांनी आकडा बघितला, मग मला बघितलं, मग परत आकडा बघितला.

"हात सुधारला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छप्पन्न. तिसऱ्या दिवशी त्रेपन्न. सहा वेळा केलं, सरासरी पंचावन्न. पेपरातल्याइतके. मग ओव्याचं तेल घातलं, एकसष्ट. सरांनी डिपार्टमेंटला बासुंदी दिली. मला म्हणाले, वीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते तू केलंस. आणि मी, खोटं कशाला बोलू, मला पटलं ते. मी हॉस्टेलच्या आरशासमोर माझे हात बघितले.

थिसिस लिहून झाला. पहिली अठ्ठावीस पानं एकाच गोष्टीवर होती, की आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा कागदाहून पातळ असतो पण खरा पहारेकरी तोच, तो आहे म्हणून बाहेरचं काही आत येत नाही. छान लिहिली होती. पाठ होती मला.

व्हायव्हा ठरली मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी. आणि परीक्षक म्हणून कोण येणार? स्वतः देवस्थळी सर. रिटायर झाले होते, पण नाईकनवरे सरांनी चार फोन करून आणलं. त्यांना प्रयोग चालू दाखवायचा असं ठरलं, म्हणून मंगळवारी रंगीत तालीम करायला मी कान आणायला गेले.

गाळ्यावर गर्दी होती. कुणाचं तरी जावळ होतं, बारा मुंड्यांची ऑर्डर. मावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत कामात.

"गिरजे, मला उसंत न्हाई. त्या पातेल्यातनं तूच घे सहा."

"मी?"

"मंग कोन, तुझा सर? चिमटा हाय तिथं."

वळावं लागलं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या गाळ्याकडे तोंड केलं. चुलीवर पातेलं, पातेल्यातून वाफा, आणि त्या वाफांत माझे कान. मावशीनं एक मुंडी बाहेर काढली, सुरी आडवी धरली आणि कपाळावरून कानापर्यंत सपासप ओढली. केस निघाले. केसांबरोबर ओला, पांढरा, पातळ पापुद्रा निघाला. कांद्याचा निघतो तसा. तिनं तो बोटानं झटकून खाली टाकला.

खाली माझी अठ्ठावीस पानं पडली होती.

"मावशी, हे कान... तुम्ही उकळत्या पाण्यात घालता?"

"मंग? तवाच तर तुझं काम झालं."

"म्हणजे?"

मावशीनं सुरी थांबवली. मला एवढी शिकलेली पोर असून कळत कसं नाही, असा चेहरा. "अगं, तू त्या दिवशी रडलीस न्हाईस का, औषद आत जात न्हाई म्हनून. मी म्हनलं, कसं जाईल? मुंडीला आधी पानी मारून वरचा पापुद्रा खरवडल्याबिगर मसाला मुरत न्हाई. दिवसभर ठिव न्हाईतर रातभर ठिव. वरच्या वर ऱ्हातोय. मंग औषद तरी कसं मुरंल? म्हनून तुझं कान बी तसंच करून द्यायला लागले."

"केस काढायला नाही?"

"केस काय, ते निघत्यातच त्याच्यासंगं."

मी तिथल्या फळीवर बसले. मटणाच्या फळीवर. मला सांगायचंय काय, तर मी बसले आणि मला काही वाटलं नाही.

त्या दिवशी मी मावशीकडून दोन कच्चे कान घेतले, हट्टानं, ती "आगं तुझंच नुकसान हाय" म्हणत असताना. लॅबमध्ये कात्रीनं एकेक केस कापला. संध्याकाळी सहाला मशीननं सांगितलं, चार. ओव्याच्या तेलाला चार आणि थोडं.

तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझे कान उकळत्या पाण्यातले होते. जानेवारीपासूनचे सगळे."

सरांना एक क्षण कळलं नाही. सर पक्के मटण खाणारे, रविवारी मुंडीचा रस्सा चुकवायचे नाहीत. त्यामुळे त्यांना प्रश्न पडला तो वेगळाच.

"पण मुंडी तर भाजतात."

"ही मावशी आधी पाणी मारून खरवडते, मग भाजते."

"हां, बरोबर आहे," सर म्हणाले, "त्याशिवाय मसाला मुर..."

आणि थांबले.

सर उठले, भिंतीवरचा पेपर काढला, चष्मा वर करून लॅमिनेशनच्या आत बघायला लागले. मला माहीत होतं ते काय शोधतायत, कारण दुपारी मी तेच शोधलं होतं.

"'ताजे कान स्थानिक कत्तलखान्यातून मिळवले,'" सरांनी वाचलं. "एवढंच आहे."

"माझ्यापण थिसिसमध्ये एवढंच आहे, सर."

सरांनी पेपर परत टांगला. वाकडा टांगला, मग सरळ केला. "गिरिजा, परवा ते काय विचारतील त्याचं उत्तर दे. जे विचारणार नाहीत त्याचं उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धत नाही."

गुरुवारी देवस्थळी सर आले. मला वाटलं होतं, कोणीतरी कडक माणूस असेल. तर हे सत्तरीचे, सुती बुशशर्ट, खिशात पाचक गोळ्यांची डबी. माझा थिसिस त्यांनी असा हातात धरला होता जसं कुणी नातवंड धरतं.

"बस, बाळ. घाबरू नकोस. मीच आज जरा घाबरलोय." हसले. "वीस वर्षं झाली. तुला सांगतो, अकरा पोरांनी मला पत्रं लिहिली. कोणी नागपूरचं, कोणी बेळगावचं. सर, आमचे चारच टक्के येतात. सर, आमचे पाचच येतात. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, की हात सुधारा. एकीनं तर विषय सोडून दिला. मला कधीकधी वाटायचं, आपलंच काही चुकलं नसेल ना? आणि आता तू. पंचावन्न. मला काल झोप लागली नाही आनंदानं."

नाईकनवरे सर खिडकीबाहेर बघत होते. मी त्या अकरा जणांचा विचार करत होते. त्यांच्या माना.

"सर," मी म्हणाले, "माझ्या कातडीला गरम पाणी लागलं होतं."

सगळं सांगितलं. चंपामावशी, पातेलं, पापुद्रा, मसाला. माझं झाल्यावर देवस्थळी सरांनी विचारलं,

"कच्च्या कानाचे किती आले?"

"चार."

"कातडं कसं सुटतं? उकळलेल्याचं?"

"बटाट्याच्या सालासारखं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे गणपत आणायचा. शिपाई होता. स्वच्छ, पांढरे कान. एक केस नसायचा. मला वाटायचं, गणपत फार टापटीपीचा." बराच वेळ ते चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले. "कान उकडून आणतोस का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आम्ही शाकाहारी. मी तो डबा उघडायच्या आधी नाकाला रुमाल लावायचो."

मला त्यांना सांगावंसं वाटलं, सर, मी पाठ करून उभी राहायचे. सांगितलं नाही.

चहा आला. त्यांनी पाचक गोळी तोंडात टाकली, मग चहा घेतला, आणि मग एकदम परीक्षकाच्या आवाजात बोलायला लागले.

"कच्च्या कानावर किती वेळा केलंस?"

"थिसिसमध्ये धरण्यासारखं एकदाच, सर. परवा. जानेवारीच्या आधीचे सगळे चार टक्के हात कच्चा म्हणून सोडून दिले होते."

"आणि उकळलेल्यावर?"

"सहा वेळा."

"म्हणजे सहाला एक. आणि सहांच्या बाजूनं छापलेला पेपर." त्यांनी स्वतःच्या पेपराचं नाव घेतलं नाही. "एका प्रयोगावरून काही म्हणता येत नाही, हे तर तूच लिहिलंयस, पान बेचाळीसवर. आता दोन रस्ते आहेत. एक, मी सही करत नाही, तू सहा महिने थांबतेस, कच्च्या कानांवर सगळं परत करतेस आणि जे येईल ते लिहितेस. मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. माझ्या पेपराचं जे व्हायचं ते होईल." इथे त्यांचा कप बशीवर वाजला. "दुसरा, परवाचं रीडिंग शेवटी जोडायचं, 'एक वेगळे आलेले निरीक्षण' म्हणून, आणि मी आज सही करतो. दोन्ही नियमात बसतं. तू सांग."

मला आजही तो कप दिसतो. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळत नव्हतं की त्यांना माझ्याकडून कुठलं उत्तर पाहिजे. नाही, खरं सांगते, कळत होतं. त्यांना पहिलं पाहिजे होतं. भीती वाटत होती, पण पहिलंच पाहिजे होतं. वीस वर्षांत अकरा पत्रांनी जे केलं नाही, ते आज कुणीतरी करावं असं त्यांना वाटत होतं, आणि ते स्वतः करायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

आणि मला एक जून दिसत होता. बाबा, गल्ली, इस्त्रीवाला.

"आजच सही करा, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पेन काढलं. सही केली आणि शेरा लिहिला. मी उलटं वाचलं, 'निष्कर्ष पूर्वप्रकाशित संशोधनाशी उत्तम जुळतात.' जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत बसताना नाईकनवरे सरांना एवढंच म्हणाले, की तो पेपर भिंतीवरून काढलात तर बरं.

सरांनी नाही काढला. माझ्या थिसिसचं पहिलं पान लॅमिनेट करून त्याच्या शेजारी लावलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गाळ्यावर गेले. मावशीनं लांबूनच बघितलं.

"काय म्हनला सायब?"

"पास झाले, मावशी. चांगल्या मार्कांनी."

"व्हनारच." तिनं हात पदराला पुसले आणि गिऱ्हाइकांकडे वळली. पाच-सहा माणसं होती लाईनीत. "हिचं औषद मुरतच नव्हतं. वर्सभर रडत व्हती बिचारी, चार टक्के, चार टक्के. मंग मी म्हनलं, दे हिकडं तुझं कान. वरचा पापुद्रा काढून दिला. लागलं मुरायला. माझ्यामुळं पास झाली ही."

"मग काय मावशी," एक जण म्हणाला, "आता पाटीवर डॉक्टर लिवा."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "काय बी सांगती म्हातारी. कालेजात काय तुझ्या पातेल्यावर पास करत्यात व्हय?"

मावशी चिडली. सुरी फळीवर आपटून माझ्याकडे वळली. "सांग की गं ह्यास्नी. मी खोटं बोलतीया का?"

माझ्या आणि सरांच्या आणि देवस्थळी सरांच्या सह्या असलेला थिसिस तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत पोचला होता.

"नाही," मी त्या माणसांना म्हणाले. "मावशी म्हणतात ते खरं आहे."

ते आणखीच हसले. मी पेढ्यांचा पुडा मावशीपुढे धरला. तिनं एक घेतला, हातातला अर्धा परत माझ्या तोंडात कोंबला, आणि पुढची मुंडी पातेल्यात सोडली.